हिरवी सर्किटं अर्धीच का निघत होती : माझा तीन संध्याकाळींचा अनुभव

फॅक्टोरिओ या कारखाना उभारायच्या संगणक-खेळात माझं उद्दिष्ट साधं होतं. मिनिटाला ३० निळी सायन्स आणि ३० हिरवी, म्हणजे संशोधनासाठी खर्चायच्या बाटल्या. उलटं मोजत गेले. निळ्या सायन्सच्या दोन बाटल्यांना तीन लाल सर्किटं, म्हणजे ३० बाटल्यांना ४५. एका लाल सर्किटाला दोन हिरवी, म्हणजे ९०. हिरव्या सायन्सच्या प्रत्येक बाटलीत एक इन्सर्टर (माल उचलून ठेवणारा यांत्रिक हात) जातो आणि त्या इन्सर्टरमध्ये एक हिरवं सर्किट, म्हणजे आणखी ३०. बेरीज १२०, सेकंदाला दोन. इतका गोल आकडा आला की मी खूश.

खाणी आणि भट्ट्यांचं गणित चहा संपायच्या आत झालं. सेकंदाला तीन तांब्याच्या प्लेटा, दगडी भट्टी देते ०.३१२५, म्हणून दहा भट्ट्या. लोखंडाला सात. ड्रिल सेकंदाला अर्धं खनिज काढतं, म्हणून सहा आणि चार. बसवलं, चाललं.

मग सर्किटं. तारांची तीन मशिनं आणि सर्किटांची दोन, हा रेशो खेळणाऱ्या प्रत्येकाला पाठ असतो. मी तरीही स्वतः काढून पाहिला, कारण रेसिपीत लिहिलेला वेळ मशीनचा नसतो. सर्किटाला अर्धा सेकंद लिहिलंय, पण पहिल्या दर्जाच्या असेंबलरचा, म्हणजे वस्तू बनवणाऱ्या मशीनचा, वेग ०.५, म्हणजे खरा वेळ एक सेकंद. (दुसऱ्या दर्जाचा वेग ०.७५. तेही तिथे लिहिलेलं असतं, पण घाईत कोण वाचतं?) दोन मशिनं, सेकंदाला दोन सर्किटं, त्यांना सहा तारा. तारेचं एक मशीन एका प्लेटेच्या दोन तारा करतं, सेकंदाला दोन, तीन मशिनांच्या सहा. सगळं जुळलं. तारा माल वाहणाऱ्या बेल्टवर न टाकता थेट एका मशीनमधून दुसऱ्यात द्यायच्या म्हणून मशिनं शेजारी शेजारी लावली आणि मधल्या मशीनमधून दोन्हीकडे एकेक इन्सर्टर काढला.

पी दाबून उत्पादनाचा आलेख उघडला. मिनिटाला ६६.

आधी वाटलं, अजून पोटं भरतायत. मशिनं आणि बेल्ट भरेपर्यंत आकडा खोटाच दिसतो, म्हणून आलेख एका मिनिटावर न ठेवता दहा मिनिटांवर ठेवावा. दहा मिनिटं थांबले. तेच ६६.

मग तांब्यावर संशय. भट्ट्या दहाच्या वीस केल्या. ६६. वीज कमी पडली की सगळंच मंदावतं, म्हणून बॉयलर वाढवला, त्याला दोन स्टीम इंजिनं जोडली. ६६. दुसऱ्या संध्याकाळी तर मी एफिशियन्सी मॉड्यूलचं (मॉड्यूल म्हणजे मशीनमध्ये बसवायचा जोडभाग) संशोधन लावून दिलं, नावावर भाळून. ते फक्त वीज वाचवतं, वेग तसूभरही वाढवत नाही. आणि पहिल्या दर्जाच्या असेंबलरला मॉड्यूल बसवायची जागाच नसते! त्या संशोधनात गेलेल्या बाटल्या मला अजून सलतात.

तिसऱ्या संध्याकाळी धाकटा भाऊ मागे येऊन उभा राहिला. त्याला या खेळातलं ओ की ठो कळत नाही. म्हणाला, "ताई, हे मशीन भरलंय आणि शेजारचं उपाशी, असं कसं?"

तारेच्या मशीनवर कर्सर नेला तर आउटपुट भरल्याचं लिहिलेलं. सर्किटाच्या मशीनवर नेला तर कच्चा माल नाही. दोघांच्या मध्ये पिवळा, म्हणजे साधा, इन्सर्टर. तो वळायचा, एक तार उचलायचा, परत वळायचा, ठेवायचा. एकच तार. मी मोबाइलवर स्टॉपवॉच लावून मोजलं : दहा सेकंदांत आठ फेऱ्या. साध्या इन्सर्टरचा वेग सेकंदाला ०.८३. असे चार इन्सर्टर म्हणजे ३.३ तारा, आणि मला हव्या होत्या सहा. ३.३ भागिले तीन, गुणिले साठ. ६६.

रेशो मशिनांचा होता, हातांचा नव्हता. माझ्या एक्सेलमध्ये खनिज, भट्टी, मशीन, बेल्ट, प्रत्येकाला रकाना होता. इन्सर्टरला नव्हता.

चार जलद इन्सर्टर केले. प्रत्येकाला दोन हिरवी सर्किटं लागतात, म्हणजे ज्याचा दुष्काळ तेच खर्चायचं. बसवले. आकडा चढला आणि शंभराच्या आसपास जाऊन थबकला. या वेळी मात्र चिडले नाही, हसले. सर्किट बाहेर काढणारा हातही पिवळाच होता. सेकंदाला एक सर्किट बनतंय आणि तो काढतोय ०.८३. लोखंड आत टाकणारा तसाच, तांबं टाकणारे तीन तसेच. एकूण अकरा हात, अकराही बदलले. जलद इन्सर्टर सेकंदाला २.३१ उचलतो, त्यामुळे कुठेच अडत नाही. दहा मिनिटांनी आलेखात १२०.

तुम्ही हे करणार असाल तर आधी मशीनवर काय लिहिलंय ते वाचा, मग भट्ट्या वाढवा. आउटपुट भरलंय असं दिसलं की पुढे बघायचं, कच्चा माल नाही असं दिसलं की मागे. आणि पुढे माल खपतच नसेल तर आकडा आपोआप पडतो, तो दोष धरू नका. खरी क्षमता बघायची असेल तर तेवढ्यापुरता माल रिकाम्या पेट्यांमध्ये सोडा.

हो, बेल्टचं राहिलंच. पिवळा बेल्ट सेकंदाला १५ वस्तू नेतो, पण त्या दोन्ही बाजू मिळून. इन्सर्टर नेहमी पलीकडच्या बाजूला माल ठेवतो, त्यामुळे सगळी मशिनं बेल्टच्या एकाच अंगाला लावली तर तुमच्या वाट्याला ७.५ च येतात. सेकंदाला दोन सर्किटांसाठी मला ते पुरलं, पण पुढे ब्लॉक वाढवाल तेव्हा अडेल.

त्या जादा दहा भट्ट्या मी काढलेल्या नाहीत. तांबं भरून नुसत्या उभ्या आहेत. लाल सर्किटाला प्रत्येकी चार तारा लागतात, आणि त्या मी १२० च्या हिशोबात धरल्याच नव्हत्या, तेव्हा निम्म्या तरी उद्या लागतील.