आमची वाटचाल : चिव्हिताची पायी सहल

रोम ते फ्लोरेन्स प्रवासातला एक ‘फोटो स्टॉप’, एवढंच चिव्हिता दि बान्योरेज्यो या कड्यावरच्या गावाचं स्थान आमच्या सहलींत सुरुवातीला होतं. समोरच्या टेकडीवर उतरायचं, फोटो काढायचा, परत बसमध्ये. आता आम्ही इथे अर्धा दिवस देतो आणि त्यातला बराच वेळ दगडमातीवर घालवतो. चर्च इटलीत गल्लोगल्ली आहेत, कड्याबरोबर ढासळत चाललेलं गाव मात्र क्वचितच पाहायला मिळतं.

फोटोची जागा सोडलेली नाही, पण तिथे आधी कडा नीट दाखवतो. वरचा तांबूस-पिवळा थर टफचा, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेपासून झालेला दगड, कोकणातल्या चिऱ्यासारखा कापता येणारा. त्याखाली एकेकाळी समुद्रतळाशी साचलेली करडी चिकणमाती. पाऊस आणि दोन्ही अंगांचे ओढे ही माती धुऊन नेतात, टफचा आधार सुटतो, उभ्या भेगा रुंदावतात आणि कडेचा तुकडा खाली जातो. १६९५च्या भूकंपानंतर बिशपसह सगळा कारभार शेजारच्या बान्योरेज्योत हलला तो उगाच नाही.

गावात जायचा आजचा काँक्रीटचा पूल १९६५चा, लांबी सुमारे ३०० मीटर. पर्यटकांनी चालतच जायचं. तिकीट २०१३पासून आहे, दीड युरोपासून सुरू होऊन पुढे पाचवर गेलं. सगळ्यांची तिकिटं टूर लीडर एकदम काढतो. दमछाक होते ती पुलाच्या शेवटच्या टप्प्यात, कारण सगळ्यात खडा चढ तिथेच. हौसेने सुरुवातीलाच झपाझप चाललेले वेशीपाशी बसकण मारतात, म्हणून मध्ये एक थांबा सक्तीचा.

इटलीत पैसे घेऊन स्थळाची माहिती द्यायला परवानाधारक गाईडच लागतो. तो इंग्रजीत बोलतो, आमचा लीडर रिसीव्हरवर मराठीत सांगतो. यात वेळ जवळजवळ दुप्पट लागतो, म्हणून थांबे मोजकेच ठेवलेत. वेशीवर माणसाचं मुंडकं पंजात धरलेले दगडी सिंह. आत शिरताच एका जुन्या वाड्याची दर्शनी भिंत उभी, पण खिडक्यांपलीकडे थेट आकाश : मागचा वाडा दरीत गेला. तेराव्या शतकातले ख्रिस्ती धर्मपंडित संत बोनाव्हेंतुरा यांच्या जन्मघराचीही तीच गत. पुढे सान दोनातो चर्चचा चौक. जून आणि सप्टेंबरमध्ये इथे गाढवांची शर्यत होते, तेव्हा गर्दीत गाईडचं बोलणं ऐकू येत नाही. त्या तारखा आम्ही टाळतो.

गावाच्या दुसऱ्या टोकाला, खालच्या अंगाला, टफ पोखरून काढलेला बुकायोने नावाचा बोगदा आहे. आदल्या दिवशी पाऊस झाला असेल तर तो रद्द. ओल्या चिकणमातीवर चांगल्या सोलचे बूटही घसरतात.

शाकाहारींसाठी टोमॅटोचा ब्रुस्केत्ता (भाजलेल्या पावाचा तुकडा) किंवा नुसत्या पिठापाण्याचा ‘पीची’ पास्ता लसणीच्या सॉसबरोबर. ‘मिनेस्त्रोने’ हे भाज्यांचं सूप मात्र विचारूनच घ्यावं, सूपचं पाणी मांसाचं असू शकतं. पार्मेजान चीज वासराच्या आणि पेकोरिनो बहुधा कोकराच्या किंवा वासराच्या जठरातल्या विरजणाने लावतात, हे कडक शाकाहारींना आम्ही बुकिंगच्या वेळीच सांगतो.

गुडघे दुखणाऱ्यांनी काठी उतरतानाच्या पुलासाठी आणावी, चढताना तितकी गरज भासत नाही. आणि आमच्याशिवाय, स्वतःहून जाणार असाल तर जवळच्या ओर्व्हिएतो शहराहून बान्योरेज्योची बस रविवारी धरून चालू नका. परतीची शेवटची बस केव्हा, हे उतरतानाच ड्रायव्हरला विचारून घ्या.