पेट सिटिंग: यादी छोटी ठेवा, नदी ओलांडू नका

पेट सिटिंग, म्हणजे मालक बाहेर असताना त्यांचे प्राणी पैसे घेऊन सांभाळणं, सुरू करायचं ठरलं की बहुतेकांची पहिली यादी सारखीच निघते. बोर्डिंग (प्राणी आपल्या घरी मुक्कामाला ठेवणं), वॉक, डे केअर, आंघोळ, नखं कापणं, व्हेटकडे (प्राण्यांच्या डॉक्टरकडे) ने-आण, थोडं ट्रेनिंग, जमलं तर वाढदिवसाचे फोटो. यातलं निम्मं पहिल्या वर्षी खोडलेलं बरं. प्राण्यांची माया सगळ्यांकडे असते. कमी पडतो तो वेळ, आणि पुण्यात तो खातो रस्ता.

म्हणून सेवा ठरवण्याआधी नकाशा उघडा. समजा मालकाच्या घरी अर्ध्या तासाच्या फेरीचे तुम्ही ३०० रुपये लावले. घर दोन किलोमीटरवर असेल तर जाणं-येणं, पार्किंग, गेटवरची नोंद, लिफ्टची वाट, सगळं धरून तास जातो. तेच घर दहा किलोमीटरवर असलं की दोन तास गेले आणि वर पेट्रोल. ताशी ३०० चे दीडशेसुद्धा हातात उरत नाहीत. कर्वेनगरात राहणाऱ्याला सिंहगड रोड नकाशावर शेजारी दिसतो, पण मध्ये मुठा आहे आणि संध्याकाळी राजाराम पूल आहे. सुरुवातीला तीन-चार किलोमीटरची हद्द आखा आणि नदी ओलांडू नका. वाकडमध्ये असाल तर शहराच्या दुसऱ्या टोकाच्या खराडीचं काम मित्राचं असलं तरी नको.

हद्द ठरली की पहिली सेवा घ्यावी ती मांजरांसाठी घरफेरीची. मांजराला घर सोडायला आवडत नाही, त्यामुळे मालकालाही बोर्डिंगपेक्षा हेच हवं असतं. शिवाय वेळेचं बंधन सैल असतं. सकाळी आठलाच जायला हवं असं नाही, अकराला गेलात तरी चालतं. फेरी दिवसातून किमान एकदा. ‘खाणं भरपूर ठेवलंय, एक दिवसाआड आलात तरी चालेल,’ असं मालक म्हणतीलच. नाही म्हणा. दोन दिवस अजिबात न खाल्लेल्या मांजराचं, त्यातही लठ्ठ मांजराचं, यकृत बिघडायला सुरुवात होऊ शकते. एक दिवसाआड जाणाऱ्याला हे कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

फेरीतलं खरं काम वाटीत नसतं, लिटर बॉक्समध्ये, म्हणजे मांजराच्या शी-शूच्या पेटीत असतं. गोळे होणारी माती असेल तर रोज चाळताना लघवीचे गोळे मोजा. बहुतेक मांजरांचे दिवसाला दोन ते चार होतात. पहिल्या दिवशीचा आकडा लिहून ठेवा, कारण फरक कळतो तो त्यामुळेच. गोळे एकदम मोठे आणि जास्त झाले तर मालकाला कळवा. आणि बोका सारखा जाऊन बसतोय, जोर करतोय, पण गोळाच नाही, असं दिसलं तर मूत्रमार्ग अडला असण्याची शक्यता धरायची. ‘उद्या बघू’ इथे चालत नाही. त्याच तासाला व्हेटला फोन. म्हणून व्हेटचा नंबर, खर्चाची लेखी परवानगी आणि मर्यादा या तीन गोष्टी ओळखभेटीतच घ्यायच्या.

ओळखभेटीत दाराचं कुलूपही स्वतः उघडून बघा. नाइट लॅचचं दार हा या धंद्यातला ठरलेला अपघात आहे. कचऱ्याची पिशवी बाहेर ठेवायला एक पाऊल टाकलं, वाऱ्याने दार लागलं, किल्ली आणि फोन आत. दुसरी किल्ली शेजारच्या काकूंकडे आहे का, हे आधी विचारलेलं असलं की दुपार वाचते. किल्लीला नाव-पत्त्याची चिठ्ठी लावू नका, नुसता क्रमांक लावा. जाळी नसलेली गॅलरी दिसली तर ते दार मालक परत येईपर्यंत बंद राहील, हे तिथेच बोलून घ्या.

वॉक ही दुसरी सेवा. महिन्याचे पैसे बांधलेले मिळतात, म्हणून सगळे तिकडे वळतात. पण गोम अशी की प्रत्येकाला सकाळी सहा ते साडेआठ किंवा संध्याकाळी सहा ते नऊ हीच वेळ हवी असते. अर्ध्या तासाचा वॉक धरला तर अडीच तासांत हिशोबाने पाच कुत्री, प्रत्यक्षात तीन, फार तर चार. एकाच सोसायटीतली तीन मिळाली तर घ्या, विखुरलेली पाच घेऊ नका. वेगवेगळ्या घरांची दोन कुत्री एकत्र फिरवणं पैशांचं गणित सोपं करतं आणि बाकी सगळं अवघड. गल्लीतल्या भटक्या कुत्र्यांची टोळी अंगावर आली की दोन पट्टे एका हातात धरून काही होत नाही.

पट्टा हार्नेसला (छातीपट्ट्याला) एक आणि गळपट्ट्याला एक, असे दोन लावा. नवं दत्तक घेतलेलं इंडी, म्हणजे देशी कुत्रं असेल तर हे पाळायलाच हवं. फटाका वाजला की ते हार्नेसमधून मागच्या मागे निसटतं. कुत्री हरवतात ती बरेचदा दारातूनच, त्यामुळे पट्टा लावल्याशिवाय कडीला हात लावायचा नाही. एप्रिल-मे महिन्यात सकाळी आठच्या आत आणि अंधार पडल्यावरच बाहेर. हाताची मागची बाजू डांबरावर सात सेकंद टेकत नसेल तर कुत्र्याचा पंजाही टेकू नये. पग, बुलडॉग, शिह त्झू यांना त्या दिवसांत गेटपर्यंत नेऊन आणलं तरी पुरे. तेवढ्याचे पूर्ण पैसे घेणार का, ते मार्चमध्येच सांगून ठेवा.

आता बोर्डिंग. सगळ्यांना यातच पैसा दिसतो, आणि पहिल्या वर्षी सगळ्यात जास्त त्रास यातूनच होतो. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला रहिवाशांच्या पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, हे पुष्कळांना पाठ असतं. पण ते घरच्या प्राण्यांबद्दल आहे. फ्लॅटमध्ये दर आठवड्याला नवी कुत्री आणून धंदा करणं ही निराळी गोष्ट. भाड्याचं घर असेल तर घरमालकाची लेखी संमती आधी.

दुसरा मुद्दा रोगाचा. पार्व्हो या कुत्र्यांच्या जीवघेण्या जुलाबाचा विषाणू फरशीवर आणि मातीत महिनोन्‌महिने टिकतो. नेहमीच्या फिनेलने तो मरेल या भरवशावर राहू नका, आणि फिनेल मांजरांना तर विषारीच. आधी घाण साबणाने धुवायची, मग एक भाग घरगुती ब्लीच आणि तीस भाग पाणी, दहा मिनिटं फरशी ओली ठेवायची. केनेल कफ, म्हणजे कुत्र्यांचा संसर्गजन्य खोकला, त्याहून चिवट भांडण लावतो. लक्षणं दिसायला चार-आठ दिवस जातात, म्हणजे कुत्रा घरी गेल्यावर, आणि फोन तुम्हालाच येतो. त्यामुळे बोर्डिंग घ्यायचंच तर एका वेळी एकाच घरचे प्राणी, लसीचा शेवटचा डोस होऊन किमान दोन आठवडे झालेले, गोचिडांचं औषध दिलेलं. माजावर आलेली मादी नको. तो काळ साधारण तीन आठवड्यांचा असतो, तारीख विचारून घ्या.

बोर्डिंगपेक्षा मालकाच्या घरी रात्री मुक्काम करणं परवडतं. फक्त वेळ लिहून द्या: रात्री आठ ते सकाळी सात. नाहीतर ‘मुक्काम’ या शब्दाचा अर्थ मालक चोवीस तास असा घेतात.

औषधाचं काम मागणीचं आहे. गोळी, थेंब, मलम घ्यायला हरकत नाही. इन्सुलिन मात्र व्हेटसमोर स्वतः टोचून दाखवल्याशिवाय नको. आपल्याकडे ४० आणि १०० अशा दोन तीव्रतांचं इन्सुलिन मिळतं आणि सिरिंजही दोन: लाल टोपणाची ४० ची, नारिंगी टोपणाची १०० ची. १०० चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने त्याच आकड्यापर्यंत भरलं तर डोस अडीचपट जातो. साखर एकदम खाली येते, प्राणी आधी झोकांड्या खातो, मग झटके. बाटली आणि सिरिंज शेजारी शेजारी ठेवून फोटो काढून घ्या. मांजर जेवलं नसेल तर व्हेटला विचारल्याशिवाय टोचू नका. दर बारा तासांनी जायचं, म्हणजे एका दिवसाच्या दोन फेऱ्या. पैसेही दोन फेऱ्यांचे.

ग्रूमिंग, नखं, ट्रेनिंग: सोडा, ती वेगळी कामं आहेत. व्हेटकडे ने-आण फक्त चारचाकी असेल तर.

मिठू आणि छोटं कासव यांचीही विचारणा येते. देशी पोपट आणि स्टार कासव पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही. ‘दहा वर्षं आमच्याकडेच आहे’ हे उत्तर तुमच्या कामाचं नाही.

सणांचं वेळापत्रक वेगळं करा. दिवाळीत घाबरणाऱ्या कुत्र्याला फेरी पुरत नाही, माणूस घरात लागतो, म्हणून त्या दिवसांत फक्त मुक्काम. विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी, टिळक, केळकर, कुमठेकर रस्ते बंद असतात आणि मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. पेठेतली फेरी त्या दिवशी घेतलीत तर गाडी लांब लावून पायी जायची तयारी हवी, नाहीतर आदल्या रात्रीच मुक्कामाला जा. निम्मे पैसे आगाऊ.

कागदपत्रं थोडी आहेत. हाताखाली मोजकेच कामगार असतील तर शॉप ॲक्टला ऑनलाइन सूचना पुरते. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटी नोंदणी साधारणपणे लागत नाही. कुत्र्याचा महापालिकेचा परवाना आणि रेबीज लसीचा दाखला यांचे फोटो पहिल्या भेटीआधी मागवा, दाखल्यावरची तारीख वाचा. स्वतःही चावण्याआधीची रेबीज लस घ्या: पहिला डोस, मग त्यापासून सात दिवसांनी आणि एकवीस किंवा अठ्ठावीस दिवसांनी. तरीही चावलं तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं. आधी घेतलेल्या लसीमुळे पुढचे डोस कमी होतात, टळत नाहीत.