लोणारची टूर : वहीत काय आहे आणि तिथे काय आहे

आमच्या जिऑलॉजी डिपार्टमेंटमध्ये एक टूरची वही आहे. जाड पुठ्ठ्याची, कडा दुमडलेली, शिपाई मामांच्या कपाटात पॉलिशिंगच्या पावडरीशेजारी ठेवलेली. टीवायची, म्हणजे पदवीच्या शेवटच्या वर्षाची, प्रत्येक बॅच लोणारहून आली की तिच्यात दोन-चार पानं लिहिते आणि पुढची बॅच ती पानं वेदवाक्य मानून निघते. आम्हीही निघालो. "तळ्याला पूर्ण फेरी, रमतगमत दीड तास. सॅम्पल भरपूर, पोती न्या." हे ज्याने लिहिलं तो दादा आता कुठल्याशा सिमेंट कंपनीत आहे म्हणे. भेटला तर चहा पाजून विचारणार आहे, बाबा रे, तू खाली उतरला तरी होतास का?

आधी हातोड्यांचं सांगते, कारण पहिला दणका तिथेच बसला. खंडेनवमीला आमच्याकडे हातोडे, मायक्रोस्कोप आणि दगड कापायचं मशीन यांची पूजा होते. हळदकुंकू, झेंडू, पेढे. त्या दिवशी जुन्या बॅचचे हातोडे नव्या बॅचच्या हातात जातात. माझ्या हातोड्याच्या दांड्यावर आधीच्या तिघांची आद्याक्षरं कोरलेली आहेत. एवढा थाट करून, दांड्याला रिबिनी बांधून ते हातोडे लोणारला नेले आणि वरच्या चौकीवर वनरक्षकाने शांतपणे सांगितलं, हे सगळं बसमध्ये ठेवून या. त्याचं शंभर टक्के बरोबर होतं. विवराच्या आतला भाग 2000 सालापासून अभयारण्य आहे, 2020 मध्ये तळं रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीतही गेलं. तिथे दगड फोडायचा नाही, उचलायचा नाही, खिशात तर मुळीच घालायचा नाही. वहीत याबद्दल अक्षर नाही. ज्यांना प्रोजेक्टसाठी खरोखर सॅम्पल हवेत त्यांनी एचओडींच्या सहीचं पत्र घेऊन वनखात्याकडे काही आठवडे आधी अर्ज करावा, नाहीतर क्लायनोमीटर (थराचा कल मोजायचं यंत्र), भिंग आणि कॅमेरा एवढ्यावर भागवावं. भागतं.

आता बस. बसवाल्याने "सगळं धरून" असा शब्द दिला होता. या दोन शब्दांवर विश्वास ठेवणाऱ्या माणसाने टूर काढूच नये. सगळं धरून म्हणजे टोल धरून, पण समृद्धीचा टोल त्यात नाही! हे आम्हाला संभाजीनगर सोडल्यावर कळलं. पुढे समृद्धी धरून मेहकरला उतरायचं आणि तिथून वीस-बावीस किलोमीटरवर लोणार, असा सरळ हिशेब होता. ड्रायव्हरने गाडी जुन्या रस्त्याला घातली, वर त्याच्या ठरलेल्या ढाब्यावर पाऊण तास थांबवली. तिथे त्याला जेवण फुकट आणि आम्हाला अर्धी वाटी शेवभाजी एकशे ऐंशीला. पुण्याहून रात्री निघून उजाडता लोणार गाठायचं होतं, पोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते. पुढचे सगळे हाल या तीन तासांच्या उशिराचे आहेत. त्यामुळे रस्ता कुठला, टोल कुणाचा, ड्रायव्हरचा भत्ता कुणाचा आणि थांबे कोण ठरवणार, हे कागदावर लिहून घ्या आणि अर्धे पैसे परत आल्यावर द्या. वाटेत सिंदखेडराजाला जिजाऊंचं जन्मस्थान आहे, तिथे पाय मोकळे केले. छान आहे.

काठावर उभं राहिल्यावर मात्र शिव्या थांबतात. 1.8 किलोमीटर व्यासाचा खड्डा, दीडशे मीटर खोल, आणि तळाशी शेवाळी हिरवं पाणी. 1823 मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने याची नोंद केली आणि त्यानंतर दीडशे वर्षं हा ज्वालामुखीचा की उल्केचा यावर वाद चालला. 1973 च्या शोधनिबंधाने तो बऱ्यापैकी मिटवला. इथल्या दगडात मास्केलिनाइट सापडलं, म्हणजे प्रचंड दाबाच्या धक्क्याने काच झालेलं फेल्डस्पार. असा धक्का ज्वालामुखी देत नाही. वयाबद्दल वहीत 52,000 वर्षं लिहिलंय. तो जुना आकडा आहे. नंतरच्या आरगॉन पद्धतीने ते पाच लाख सत्तर हजारांच्या आसपास येतं. व्हायवाला हा प्रश्न येतो आणि वही वाचून गेलेले तिथेच गळपटतात.

मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट काठावरच, फुकटात आणि सावलीत मिळाली. आपण सह्याद्रीत वाढलेली पोरं. कुठल्याही घाटात जा, बेसॉल्टचे थर आडवे, भाकरीवर भाकरी रचल्यासारखे. इथे काठाजवळच्या कातळावर क्लायनोमीटर टेकवला तर थर बाहेरच्या बाजूला कललेले, विवराच्या मध्यापासून लांब. चार पावलं सरकून पुन्हा टेकवला, पुन्हा बाहेर. पलीकडच्या बाजूच्या ग्रुपने फोन केला, त्यांच्याकडेही बाहेर. म्हणजे खालून उचकटून वर फेकलेल्या जमिनीची कड आपण बोटाने मोजतोय. काही ठिकाणी तर थर चक्क उलटा झालाय, खालचा वर आणि वरचा खाली. सर म्हणाले, "आता जेवलात तरी चालेल." वर्गात मी डिप-स्ट्राइकची, म्हणजे थराचा कल आणि त्याची दिशा यांची, आकडेमोड पाठ करून पास झालेली मुलगी आहे. ती कशासाठी करतात हे त्या अर्ध्या तासात कळलं. वेळ कमी असेल तर एवढंच करा आणि परत जा. कुणी काही म्हणत नाही.

पण आम्ही खाली उतरलो, कारण वहीत फेरी होती.

धारेच्या बाजूने पायऱ्या आहेत. गोमुखातून बारमाही पाणी पडतं, लोक आंघोळी करत असतात, सगळं प्रसन्न. पायऱ्या संपल्या की सुटे दगड आणि मुरुम. तेही ठीक, सिंहगड चढणाऱ्याला दीडशे मीटरचं काय कौतुक. त्याखाली झाडी लागते आणि तिच्यात विलायती बाभूळ माजलेली. काटे बोटभर लांब. तीन-चतुर्थांश पँट घालून आलेल्यांच्या पोटऱ्या मांजरांनी ओरबाडाव्यात तशा झाल्या. पूर्ण पँट, पूर्ण बाह्या, यात चर्चा नको.

खरी वाट लागली ती तळ्याच्या काठच्या पट्ट्यात. पाण्याजवळ चिखलावर पांढरट खारी पापडी धरलेली असते आणि ती दिसायला टणक दिसते. आमच्यातला सगळ्यात उंच मुलगा सेल्फीसाठी दोन पावलं पुढे गेला आणि पोटरीपर्यंत आत. पापडीखाली काळाकुट्ट गाळ, त्याला सडक्या अंड्यांचा वास. तिघांनी ओढून काढला तेव्हा पाय आला, बूट आतच राहिला. बूट काढायला काठी, मग दुसरी काठी, मग एकाचा हात खांद्यापर्यंत. त्या हाताचा वास संभाजीनगरपर्यंत बसमध्ये होता, साबणाने जात नाही. वहीवाल्या दादाच्या वेळी पाणी आटलेलं असणार. आमच्या वेळी ते चढलेलं होतं, कमळजा देवीकडे जाणारी काठाची पायवाट मधेच पाण्यात शिरत होती. मग तिथून वर बाभळीत घुसायचं, वाकून, सॅक फांद्यांत अडकवत, पुन्हा खाली यायचं, पुन्हा पाणी, पुन्हा वर. दीड तासाच्या फेरीत आम्ही दीड तासात निम्मंही अंतर काटलं नव्हतं.

इथेच आमच्या वाटाड्याने तोंड उघडलं. वर धारेजवळ भेटलेला माणूस, दोन हजारात पूर्ण फेरी ठरली होती, पैसे आगाऊ घेतलेले. पाण्याची जागा आली तसा म्हणाला, "इथून पुढं माणशी शंभर वेगळे." का? तर रस्ता अवघड आहे. अरे, अवघड आहे म्हणूनच तर तुला घेतला! सर त्याच्याशी बोलेपर्यंत तो उलट्या दिशेने चालायलाही लागला होता. पैसे गेले ते गेलेच. वाटाड्या जरूर घ्या, झाडीत वाटा फुटतात आणि बिबट्याच्या गोष्टी गावात सगळेच सांगतात, पण कुठपर्यंत येणार ते आधी बोला आणि पैसे वर परत आल्यावरच द्या. जाता जाता त्याने "उल्केचा तुकडा" पाचशेला देऊ केला. पन्नास जिऑलॉजीवाल्यांना! भोकं पडलेला साधा बेसॉल्ट, भोकांत झिओलाइटचे पांढरे खडे, बेसॉल्टमध्ये नेहमी सापडणारं खनिज. एवढ्या वेगाने आदळलेली उल्का बहुतेक सगळी वितळून वाफ होते, तिचे तुकडे टोपलीत भरून विकायला उरत नाहीत. आमच्या क्लीनरने तरी घासाघीस करून शंभरला एक घेतला. घेऊ दे, कागद दाबायला बरा आहे.

दुपारी एकला परतीची चढण. हे मी पुन्हा लिहिते, दुपारी एकला. वाडग्याच्या तळाशी वारा नसतो, फेब्रुवारी असला तरी अंगाची लाही होते. माणशी एक लिटर पाणी होतं, वहीत तेवढंच लिहिलंय, आणि ते बाभळीतच संपलं होतं. एकीच्या पायात गोळे आले, दोघांना उलट्या झाल्या, सर सगळ्यात मागे राहून प्रत्येकाला लिंबाच्या गोळ्या वाटत होते. वर टपरीवर वीसची बाटली पस्तीसला. त्या क्षणी शंभरलाही घेतली असती, त्यालाही ते माहीत होतं. माणशी तीन लिटर न्या. मुलींसाठी आणखी एक: खाली आम्हाला कुठेही स्वच्छतागृह दिसलं नाही, त्यामुळे पाणी कमी पिऊन उतरायचा मोह होतो. तो टाळा. गोळे त्यामुळेच आले होते.

जाताना पीएच पेपर मात्र ठेवा. काठाच्या पाण्यात बुडवला की निळाजांभळा होतो, 10 च्या आसपास. इतक्या अल्कधर्मी, खाऱ्या पाण्यात मासे तगणं अवघड, पण सूक्ष्मजीवांची चंगळ आहे. 2020 च्या जूनमध्ये तळं गुलाबी झालं ते त्यांच्यामुळेच. आपल्या पुण्यातल्याच आघारकर संस्थेने पाणी तपासलं आणि मीठप्रिय हॅलोआर्कियाचा रंग असल्याचं सांगितलं. वहीत "गुलाबी रंग दरवर्षी दिसतो" असं कुणीतरी घुसडलंय. त्याच्या भरवशावर आमच्यातल्या दोघी गुलाबी ओढण्या घेऊन आल्या होत्या.

होकायंत्राबद्दलही थोडं. लोणारला सुई वेडी होते, असं सीनिअर्स ज्युनिअर्सना फर्स्ट इयरपासून सांगतात. बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट असतंच. कातळाला चिकटवून धरली तर सुई सिंहगडावरही थोडी सरकेल. रीडिंग घेताना दगडापासून लांब धरा, प्रश्न मिटला.

गावातलं दैत्यसूदन मंदिर संध्याकाळी बघा. लवणासुराला विष्णूने मारलं, त्याची कथा तिथे आहे. कोरीवकाम उत्तम, तळपायांना गारवा, आणि त्या दिवशी मला याहून जास्त काही नको होतं.

रात्री लॉजच्या गच्चीवर फिशपॉन्ड झाला. गॅदरिंगचा फिशपॉन्ड प्राध्यापकांसमोर असतो, टूरचा नसतो, म्हणून सगळे याचीच वाट बघतात. बूटवाल्याला मिळाला, "गाळात रुतला जो, तोच खरा स्ट्रॅटिग्राफर", म्हणजे थरांचा अभ्यास करणारा. मला मिळाला, "उतरताना जिऑलॉजिस्ट, चढताना फॉसिल". कुणी लिहिला ते अक्षरावरून कळलंय. लॉजबद्दल एवढंच, की खोलीत तिघे ठरवून पाच जणांना घातलं आणि गादीचे वेगळे पैसे घेतले. लोणारमध्ये सोयीच्या जागा मोजक्या आहेत, त्यामुळे नोव्हेंबरमध्येच बुकिंग करा आणि एका खोलीत किती जण हे फोनवर नको, मेसेजवर लिहून घ्या.

दुसऱ्या दिवशी वेरूळ. झकास.

पुढच्या बॅचने असं करावं: आदल्या दिवशी दुपारी लोणारला पोचून संध्याकाळी काठ आणि डिप-स्ट्राइक, गावात मुक्काम, सकाळी चौकी उघडली की लगेच खाली, अकराच्या आत वर. पूर्ण फेरीचा हट्ट सोडा. आधी चौकीवर विचारा, पाणी कुठवर आलंय, आणि वनरक्षक सांगेल तिथून मागे फिरा. लोणारचा मुक्काम रविवारी ठेवला तर वेरूळ सोमवारी येतं, ते चालतं. लोणारची रात्र सोमवारी आली तर वेरूळ मंगळवारी येतं, आणि मंगळवारी वेरूळ बंद असतं.