तुम्ही विचारलंत म्हणून: नळी गेलीच नाही तर?

"भूल दिल्यावर तुम्ही घशात नळी घालता ना? मग ती गेलीच नाही तर?"

मी भूलतज्ज्ञ आहे हे कळलं की हा प्रश्न हमखास येतो. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पेशंट विचारतात, संमतिपत्रावर सही करायला आलेले नातेवाईक विचारतात, शाखेत नव्यानं आलेले विद्यार्थी तर येता-जाता विचारतात. वॉर्डात उभ्याउभ्या मी सांगते, "त्याची तयारी केलेली असते, काळजी करू नका." ते खरंच असतं. पण तयारी म्हणजे नेमकं काय, हे सांगायला तिथे वेळ पुरत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

आधी थेट उत्तर. नळी गेली नाही तर आम्ही ऑक्सिजन दुसऱ्या वाटेनं देतो. एकूण वाटा चार: श्वासनलिकेत जाणारी नळी, घशात स्वरयंत्राच्या तोंडावर बसणारं एलएमए (लॅरिंजियल मास्क एअरवे) हे साधन, चेहऱ्यावर धरलेला मास्क, आणि या तिन्ही बंद झाल्या तर गळ्याच्या पुढच्या बाजूनं छेद. नळी यातली सगळ्यात भरवशाची. पण पेशंट दगावतो तो ऑक्सिजन पोचला नाही म्हणून, नळी गेली नाही म्हणून नव्हे. आमची सगळी तयारी या एका गोष्टीसाठी असते.

खरी अडचण वेळेची आहे. भूल देताना आम्ही स्नायू सैल करणारं औषध देतो. त्यानं जबडा मोकळा होतो, स्वरतंतू शिथिल पडतात, नळी घालणं सोपं जातं. पण त्याच औषधानं श्वासही थांबतो. शांत पडलेल्या मोठ्या माणसाला मिनिटाला साधारण २५० मिलिलिटर ऑक्सिजन लागतो. श्वास सोडल्यावर फुप्फुसांत अडीच लिटरच्या आसपास हवा उरते, आणि साध्या हवेत ऑक्सिजन असतो जेमतेम एक पंचमांश. म्हणजे शिल्लक अर्धा लिटर, आणि तोही सगळा वापरता येत नाही. साध्या हवेवर असलेल्या निरोगी माणसाचं सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची पातळी, श्वास थांबल्यावर मिनिटभरातच घसरायला लागतं. त्याच माणसाला आधी तीनेक मिनिटं शुद्ध ऑक्सिजन दिला, तर फुप्फुसांतला नायट्रोजन निघून जातो, त्या जागी ऑक्सिजन भरतो आणि आमच्या हाताशी आठ मिनिटांच्या आसपास वेळ येतो. खूप लठ्ठ माणसात तीन मिनिटंही मिळत नाहीत. गरोदरपणात आणि लहान मुलांत हा साठा फार भराभर संपतो.

टेबलावर झोपल्यावर तोंडावर धरला जातो तो मास्क यासाठी. पुष्कळांना त्यात घुसमटल्यासारखं होतं आणि ते मान फिरवतात. माझी कळकळीची विनंती आहे की तेवढी तीन मिनिटं मास्क घट्ट बसू द्या आणि संथ, भरून श्वास घ्या. फट राहिली की बाहेरची हवा आत शिरते आणि साठा तेवढा कमी होतो.

आदल्या दिवशी आम्ही तपासतो तेही याच हिशेबानं. तोंड तीन बोटं उघडतं का, मान मागे किती जाते, खालच्या दातांनी वरचा ओठ चावता येतो का, हनुवटीपासून कंठमण्यापर्यंत अंतर किती. "आ करा, जीभ बाहेर काढा" म्हणून घशात डोकावतो त्या तपासणीला मॅलमपट्टी म्हणतात. शेषगिरी राव मॅलमपट्टी यांनी ती १९८५ मध्ये मांडली. घोरणं, दाढी, हलणारे दात, गळ्याला दिलेलं रेडिएशन हे सगळं विचारतो, कारण नळी अवघड जाणं वेगळं आणि मास्कनं श्वास देणं अवघड जाणं वेगळं. दोन्ही एकाच माणसात असतील तर माझी झोप उडते.

पण या तपासण्यांवर फार विसंबता येत नाही, हेही सांगायला हवं. डेन्मार्कमधल्या १,८८,०६४ रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. जिथे नळी घालणं अवघड गेलं, त्यांतल्या ९३ टक्के रुग्णांत ते आधी ओळखता आलेलं नव्हतं. म्हणून तोंड नीट उघडणाऱ्या, मान छान वळणाऱ्या पेशंटसाठीसुद्धा दुसरी वाट हाताशी ठेवूनच मी सुरुवात करते.

आधीच कळलं असेल, उदाहरणार्थ जबड्याखाली मोठी सूज आहे, संधिवातानं मान ताठ झालीये, तोंड बोटभरच उघडतंय, तर आम्ही पेशंटला झोपवतच नाही. नळी जागेपणी घालतो. हे ऐकून लोक हादरतात. मला मात्र ही सगळ्यात सुरक्षित पद्धत वाटते, कारण पेशंटचा श्वास त्याच्या स्वतःच्या ताब्यात राहतो. लिग्नोकेनचे फवारे मारून नाक, घसा आणि स्वरतंतू बधिर करायचे, मात्रा वजनाप्रमाणे मोजूनच. ऑक्सिजन नाकातून चालू ठेवायचा. गुंगीचं औषध अगदी बेताचं. मग पेन्सिलीपेक्षा बारीक, लवचीक दुर्बीण घ्यायची, नळी तिच्यावर आधीच चढवलेली. (१९६७ मध्ये पहिल्यांदा हे केलं गेलं तेव्हा वापरलेली दुर्बीण पित्तनलिका तपासण्यासाठी बनवलेली होती.)

पडद्यावर सुरुवातीला नुसता गुलाबी धूसरपणा दिसतो. मग जिभेचं मूळ, एपिग्लॉटिसची (स्वरयंत्रावरच्या झडपेची) कड, आणि तिच्याखाली दोन पांढुरके स्वरतंतू. तिथे थांबून मी सांगते, "काका, आता एक मोठा श्वास घ्या." तंतू बाजूला सरतात आणि त्याच क्षणी दुर्बीण आत जाते. श्वासनलिकेच्या कड्या एकामागून एक मागे सरकतात आणि शेवटी ती जिथे दुभंगते ती धार दिसते. त्या ठिकाणापर्यंत पोचल्यावरच नळी दुर्बिणीवरून पुढे सरकवते. आता आवाज फुटणार नाही हे पेशंटला आधीच सांगून ठेवलेलं असतं, नाहीतर तो घाबरतो. कॅप्नोग्राफ या यंत्रावर उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा आलेख उमटला, नळी जागेवर आहे याची खात्री झाली, की मगच झोपेचं औषध.

आता तो प्रसंग, ज्याबद्दल तुम्ही खरं म्हणजे विचारत असता. पेशंट झोपलाय, श्वास थांबलाय, आणि लॅरिंगोस्कोप (जीभ उचलून स्वरतंतू बघायचं पात्याचं साधन) घातल्यावर स्वरतंतू दिसतच नाहीत.

पहिला प्रयत्न सगळ्यात चांगला असायला हवा, म्हणून डोक्याखालची उशी, टेबलाची उंची, सगळं औषध देण्याआधीच जुळवलेलं असतं. लॅरिंगोस्कोपचं रॉबर्ट मॅकिन्टॉश यांचं वक्र पातं १९४३ पासून जगभर वापरात आहे आणि माझा हात त्यावरच बसला. तरीही आज माझं मत असं आहे की टोकाला कॅमेरा असलेला व्हिडिओलॅरिंगोस्कोप पहिल्याच प्रयत्नाला वापरावा. त्यानं अपयश कमी होतं, आणि दुसरं म्हणजे मला जे दिसतंय ते मदतनीसालाही दिसतं. गळ्यावर कुठे दाबायचं हे मग सांगत बसावं लागत नाही.

तंतूंची नुसती मागची कड दिसत असेल तर बूजी कामाला येते. लांब, बारीक, टोकाला किंचित वळलेली कांडी. ती एपिग्लॉटिसच्या मागून पुढे सरकवायची. श्वासनलिकेत गेली असेल तर टोक एकेका कडीवरून जाताना बोटांना बारीक टकटक जाणवते, आणि थोडं पुढे जाऊन ती अडते. अन्ननलिकेत गेली तर काही जाणवत नाही, नुसती घसरत जाते. ही टकटक प्रत्येक वेळी लागतेच असं नाही, पण लागली की हायसं वाटतं.

आणि तरीही जमलं नाही तर थांबायचं. हे थांबणं आमच्या कामातला सगळ्यात अवघड भाग आहे. ब्रिटनमधल्या डिफिकल्ट एअरवे सोसायटीच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की जास्तीत जास्त तीन प्रयत्न, आणि चौथा फक्त अधिक अनुभवी व्यक्तीनं. कारण प्रत्येक प्रयत्नागणिक घसा सुजतो, रक्त येतं, आणि दहा मिनिटांपूर्वी मास्कनं छान चाललेला श्वास मास्कनंही जाईनासा होतो. वाट अवघड होती ती आपणच बंद करून टाकतो.

२००५ मध्ये ब्रिटनमध्ये एलेन ब्रॉमिली यांच्या बाबतीत जे झालं ते या शाखेत सगळ्यांना माहीत असतं. सायनसचं साधं ऑपरेशन होतं. भूल दिल्यावर श्वासमार्ग मिळेना. खोलीत अनुभवी डॉक्टर होते. नर्सनी ट्रेकिऑस्टॉमीचा, म्हणजे गळ्यातून श्वासनलिकेला छेद देण्याचा, सेट आणून ठेवला होता. डॉक्टर नळीचेच प्रयत्न करत राहिले, मधला वेळ गेला, आणि काही दिवसांनी त्या वारल्या. त्यांचे पती मार्टिन ब्रॉमिली वैमानिक. कुणाला शिक्षा व्हावी यापेक्षा कुशल माणसं अशा वेळी अडकतात कशी, हे शिकलं जावं यासाठी त्यांनी पुढची कित्येक वर्षं दिली. ऑपरेशन थिएटरमध्ये आज काही गोष्टी मोठ्यानं बोलल्या जातात, त्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

काय बोलतो? सुरुवातीलाच सिस्टरना आणि मदतनीसाला सांगते: "आधी नळी. नाही गेली तर एलएमए. तेही नाही तर मास्क. मास्कही नाही चालला तर गळा. गळ्याचं सामान इथे आहे." आणि प्रयत्न मोजायला एकाला सांगून ठेवते. कारण त्या क्षणी मला वेळेचं भान राहत नाही, कुणालाच राहत नाही. ऑक्सिमीटरचा आवाज सॅच्युरेशनबरोबर उतरत जातो, तो कानावर पडत असतो, तरी आणखी एकदा बघू असं वाटत राहतं. तेव्हा "मॅडम, तीन झाले" हे दुसऱ्या कुणीतरी म्हणायलाच हवं, मग ते सगळ्यात नवीन सिस्टरनं म्हटलं तरी. मी त्यासाठी कुणाला कधी रागवणार नाही, हेही आधीच सांगून ठेवते.

एलएमए हे ब्रिटिश भूलतज्ज्ञ आर्ची ब्रेन यांचं १९८० च्या दशकातलं देणं. मऊ, फुगीर कडांचं ते साधन जिभेमागून सरकवलं की स्वरयंत्राच्या तोंडावर बसतं. तंतू दिसायची गरजच नाही. पुष्कळदा अवघड प्रसंग तिथेच निवळतो. ऑक्सिजन जायला लागला, की पेशंटला उठवायचं, त्यावरच पुढे जायचं, की त्यातून दुर्बिणीनं नळी घालायची, हा विचार शांतपणे करता येतो. ऑपरेशन पुढे ढकलणं हाही त्यातला एक चांगला निर्णय असतो.

एलएमएही नाही, मास्कही नाही, तर गळा. कंठमण्याच्या खाली बोट सरकवलं की एक छोटा खळगा लागतो आणि त्याखाली क्रायकॉइडची कडक कडी. मधला पडदा उंचीला सेंटिमीटरभर, कातडीच्या अगदी जवळ. डाव्या हातानं स्वरयंत्र धरून ठेवायचं, दहा नंबरच्या ब्लेडनं कातडी आणि पडदा एकदमच आडवा छेदायचा, ब्लेड तसंच आत ठेवून धार पायांकडे वळवायची, त्याला लगटून बूजी श्वासनलिकेत सोडायची आणि तिच्यावरून टोकाशी फुगणारा छोटा फुगा (कफ) असलेली सहा नंबरची नळी. लहान मुलांत हे असं करत नाहीत, मोठ्यांत करतात. गळा जाड असेल, खळगा हाताला लागत नसेल, तर मधोमध आठ-दहा सेंटिमीटरचा उभा छेद घेऊन बोटांनी वाट करत जायचं. पूर्वी जाड सुई घालण्यावर भर असे. पण श्वासमार्गाच्या गंभीर अडचणींवरच्या ब्रिटनमधल्या एनएपी-४ या पाहणीत, २०११ च्या अहवालात, आणीबाणीत अशी सुईवरून घातलेली बारीक नळी (कॅन्युला) सुमारे ६० टक्के वेळा अपयशी ठरलेली दिसली. त्यानंतर ब्लेड, बूजी, नळी हीच रीत बऱ्याच ठिकाणी शिकवली जाते.

ट्रेकिऑस्टॉमी याहून खाली, श्वासनलिकेच्या कड्यांमध्ये होते आणि तिला निवांत वेळ लागतो. काही पेशंटमध्ये ती जागेपणी, गळा बधिर करून, पहिलाच पर्याय म्हणून कान-नाक-घसा सर्जन करतात. आणि थायरॉइडच्या ऑपरेशननंतर गळ्यात रक्त साचून श्वास कोंडला, तर खाटेवरच टाके उघडून ते रक्त बाहेर काढायचं असतं. त्यासाठी थिएटरमध्ये पोचायची वाट बघायची नसते.

अवघड वाटणाऱ्या पेशंटच्या गळ्यावर तो खळगा मी झोपवण्याआधीच पेननं आखून ठेवते, गरज पडली तर सोनोग्राफीनं शोधून. स्त्रियांत तो हाताला पटकन लागत नाही आणि अनुभवी बोटंही चुकतात. पेशंट विचारतात, "ही खूण कशाला?" मी खरं ते सांगते. आजवर त्यामुळे कुणी ऑपरेशन नाकारलेलं नाही. उलट, यांनी पुढचा विचार केलाय हे कळून चेहरा सैल झालेला पाहिलाय. गळ्याला छेद घ्यावा लागणं ही फार दुर्मीळ गोष्ट आहे. बहुतेक भूलतज्ज्ञांच्या आयुष्यात ती वेळ येत नाही. म्हणूनच तिचा सराव मॉडेलवर पुन्हा पुन्हा करावा लागतो.

शेवटी तुमच्याकडून एक हवंय. तुम्हाला किंवा घरातल्या कुणाला "नळी घालायला त्रास झाला" असं डॉक्टरांनी सांगितलं, तर ते लेखी मागा. काय अवघड गेलं, मास्कनं श्वास देता येत होता का, शेवटी कोणत्या साधनानं नळी गेली, एवढं त्यात हवं. तो कागद फाइलमध्ये ठेवा, फोनमध्ये त्याचा फोटो ठेवा आणि पुढच्या प्रत्येक भूलतज्ज्ञाला तपासणीच्या वेळी सगळ्यात आधी दाखवा. सगळ्या तपासण्यांपेक्षा आम्हाला त्या कागदाचा जास्त उपयोग होतो.