तुम्ही विचारलंत म्हणून: गोल्डन ग्लोब अजून का बघतो?

गोल्डन ग्लोब म्हणजे अमेरिकेतली सिनेमा आणि टीव्हीची बक्षिसं, ऑस्करच्या आधी होणारी. जानेवारी आला की हा प्रश्न येतोच, ऑफिसात, सोसायटीच्या ग्रुपवर, गेल्या वर्षी तर साखरपुड्याच्या मांडवात. "एवढं सगळं बाहेर आलं तरी तुम्ही ते बघताच? त्यापेक्षा डायरेक्ट ऑस्कर बघा की."

बाहेर आलेलं खरंच आहे, मी काय ते झाकत नाही. 2021 मध्ये लॉस एंजलिस टाइम्सने छापलं की मतं देणारे परदेशी पत्रकार जेमतेम 87 आणि त्यात एकही कृष्णवर्णीय नाही. एका सिरीजवाल्यांनी तर त्यातल्या तीसेक जणांना पॅरिसला नेऊन पॉश हॉटेलात ठेवलेलं, आणि मग त्या सिरीजला नॉमिनेशन, आता बोला! टॉम क्रूझने आपले तिन्ही ग्लोब परत केले, एनबीसी या अमेरिकन चॅनलने 2022 चा सोहळा दाखवलाच नाही, पुढच्या वर्षी ग्लोब देणारी त्या पत्रकारांची जुनी संघटनाच गुंडाळली, मालक बदलले. आता मतदार तीनशेच्या वर आहेत. सुधारले का? थोडे असतील.

पण मी मुळात बक्षीस कोणाला गेलं यासाठी बघतच नाही हो. मी बघतो कोण कुठे बसलंय ते. ऑस्करला सगळे थिएटरच्या खुर्च्यांत शिस्तीत बसलेले, इथे बेव्हर्ली हिल्टन हॉटेलच्या हॉलमध्ये गोल टेबलं, खाणं, शॅम्पेन, आणि 1956 पासून टीव्हीलाही बक्षिसं, म्हणून टीव्हीचे कलाकारही सिनेमावाल्यांबरोबर त्याच हॉलमध्ये. म्हणजे लग्नात मानाचे पाहुणे आणि लांबचे नातेवाईक एकाच पंगतीला बसावेत तसं. अर्थात पुढची टेबलं सिनेमावाल्यांचीच, आणि मागच्या टेबलावरचा कुणी जिंकला की बिचारा खुर्च्यांमधून वाट काढत येईपर्यंत बॅंडवाले वाजवून वाजवून थकतात.

यावर मी नेहमी 1998 ची रात्र सांगतो. टीव्ही मालिकेसाठी अभिनेत्री क्रिस्टीन लाहटीचं नाव पुकारलं आणि बाई जागेवर नाहीतच, बाथरूमला गेलेल्या. विनोदी नट रॉबिन विल्यम्स उठून स्टेजवर गेला आणि त्या येईपर्यंत काहीबाही बोलून लोकांना हसवत राहिला, मग त्या आल्या हात पुसत. आणि त्याच रात्री व्हिंग रेम्स या नटाला टीव्ही फिल्मसाठी ग्लोब मिळालं, त्याच कॅटेगरीत जुना नावाजलेला नट जॅक लेमनही होता, तेव्हा सत्तरी ओलांडलेला. रेम्सने स्टेजवर रडत रडत लेमनला वर बोलावलं आणि ट्रॉफी सरळ त्याच्या हातात दिली. लेमन परत देऊ बघतोय, हा घ्यायला तयार नाही, अख्खा हॉल उभा. शेवटी संघटनेने रेम्ससाठी दुसरी ट्रॉफी बनवून दिली. आता मला सांगा, हे कुणी ठरवून केलं असेल? मतं कशी पडली ते मरू दे, पण दोन नट एका हॉलमध्ये होते म्हणून हे घडलं ना.

बाकी मूर्खपणा भरपूर आहे, मान्य. मंगळावर एकटा अडकलेल्या माणसाचा "द मार्शियन" 2016 मध्ये म्युझिकल-कॉमेडी गटात जिंकला, कारण काय तर दुसऱ्या, ड्रामाच्या गटात गर्दी जास्त, इकडे चान्स बरा! आणि 2020 मध्ये कोरियन "पॅरासाइट" मुख्य गटात बसतच नव्हता, पिक्चर इंग्रजीत नाही म्हणून, आणि महिन्याभरात तोच ऑस्करचा बेस्ट पिक्चर. म्हणून "ग्लोब मिळालं म्हणजे ऑस्कर पक्कं ना?" हे तर मला विचारूच नका. "नाटू नाटू"ला 2023 मध्ये दोन्ही मिळाली, तेवढ्यावरून लोक नियम काढतात.

आणि आपला काय संबंध म्हणाल तर संबंध जुना आहे. शांताराम बापूंच्या "दो आंखें बारह हाथ"ला 1959 च्या ग्लोब्समध्ये सॅम्युअल गोल्डविन पुरस्कार, म्हणजे तेव्हाचा परदेशी सिनेमांसाठीचा पुरस्कार, मिळाला होता. कथा गदिमांची, मूळ औंध संस्थानातल्या आटपाडीजवळच्या खुल्या तुरुंगाचं. ही गोष्ट सांगितली की समोरचा आधी गूगल करतो आणि मगच विश्वास ठेवतो, दर वेळी.

2025 मध्ये पायल कपाडियाला दिग्दर्शनाचं नॉमिनेशन होतं, "ऑल वी इमॅजिन ॲज लाइट"साठी. मिळालं नाही, आणि त्या सोमवारी सकाळी ग्रुपवर सगळे "आपल्यावर अन्याय" करत होते, पिक्चर किती जणांनी बघितला विचारलं तर सगळे गप्प. त्यात छाया कदमची पार्वती आहे, हॉस्पिटलात स्वयंपाक करणारी, कागदपत्रं नाहीत म्हणून बिल्डर चाळीतून काढतो आणि ती रत्नागिरीकडच्या आपल्या गावी परत जाते. ते आधी बघा, मग ग्लोब फिक्स असतं की नाही यावर निवांत भांडू.