दोन ओळींमधली जागा

मंगळवार, रात्रीचे साडेअकरा

आमच्या आळीतल्या विठ्ठल मंदिराच्या सप्ताहाचं पत्रक मी हौसेनं करायला घेतलंय. वर ‘गुरुवारपासून’, खाली ठळक ‘कीर्तन सप्ताह’. स्क्रीनवर छान दिसत होतं. आज प्रिंट काढून आजोबांच्या हातात दिली, तर ते पहिल्याच शब्दाशी अडले. ‘गु’चा उकार खालच्या ‘र्त’च्या रफारात जाऊन घुसला होता. कागद जवळ घेत, लांब धरत ते वाचायची धडपड करत होते. मला फार वाईट वाटलं.

संध्याकाळी डिझाइनच्या क्लासमध्ये सरांना दाखवलं. लाइन स्पेसिंग, म्हणजे एका ओळीपासून पुढच्या ओळीपर्यंतचं अंतर, ‘ऑटो’वर होतं, म्हणजे अक्षराच्या आकाराच्या 120 टक्के, 20 पॉइंटच्या अक्षराला 24. रोमन लिपीचं त्यात भागतं. आपल्याकडे शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार. त्यांनाही टेकायला जागा नको का? 24 चे 30 केले आणि ओळी सुटसुटीत झाल्या. पूर्वी छापखान्यात अक्षरांचे धातूचे खिळे जुळवायचे तेव्हा दोन ओळींमध्ये शिशाच्या पट्ट्या सरकवत, या अंतराला म्हणतात तो ‘लीडिंग’ हा शब्द त्या शिशावरून (इंग्रजीत ‘लेड’) आला. म्हणजे ही रिकामी जागासुद्धा कुणीतरी हातानं भरायचं! हे ऐकल्यापासून ते डोक्यातून जातच नाहीये.

मग र. कृ. जोशींचा विषय निघाला. विंडोजमधला ‘मंगल’ फॉन्ट त्यांनी केलेला. शाळेपासून मी त्यात टाइप करतेय, पण अक्षरं कंप्युटरात आपोआपच असतात असं वाटायचं. कुणीतरी एकेका जोडाक्षरावर बसून विचार केलाय, हे आज कळलं. कमल शेडग्यांनी केलेली नाटकांची शीर्षकंही पाहिली. अक्षराच्या वळणातच नाटकाचा स्वभाव दिसतो. आता वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिराती कापून वहीत चिकटवणार आहे.

घरी येऊन पत्रकाची वेलबुट्टी काढली, पणत्याही काढल्या. चारपैकी दोनच फॉन्ट ठेवले. तारीख आणि वेळ लांब-लांब होत्या, त्या शेजारी आणल्या.

नवी प्रिंट कपाटावर चिकटवून दारातून डोळे बारीक करून बघितली. आधी ‘कीर्तन सप्ताह’ दिसतं, मग तारीख. मंदिराचं नाव मात्र अजून हरवतंय. उद्या सकाळी आधी ते, मग आजोबांना पुन्हा वाचायला देणार.