केसपेपरवरची तारीख

छातीचे डॉक्टर साक्षीला उभे राहिले आणि कंपनीच्या वकिलांनी उलटतपासाचा पहिलाच प्रश्न टाकला, "पेशंट विड्या ओढायचा, बरोबर?"

दावा होता ब्रेक लायनिंगच्या कारखान्यात चोवीस वर्षं काढलेल्या कामगाराचा: तिथल्या धुळीनं अ‍ॅस्बेस्टॉसिस, म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉसच्या धुळीनं होणारा फुप्फुसाचा आजार, झाला म्हणून भरपाई द्या. आम्ही कामगाराच्या बाजूनं. पहिली दहा वर्षं मिक्सिंगला. अ‍ॅस्बेस्टॉसच्या गोण्या ब्लेडनं फाडायच्या, मिक्सरमध्ये उलट्या करायच्या, रिकामी गोणी झटकून घडी घालायची. नंतर ग्राइंडिंग. कपडे घरी बायको धुवायची. तिला कामगार भरपाईच्या कायद्यात जागा नाही, तो विषय वेगळा. मार्च 2018 मध्ये त्यानं व्हीआरएस घेतली.

डॉक्टर म्हणाले, "ओढायचा. पण विडीनं अ‍ॅस्बेस्टॉसिस होत नाही. दोन्ही एकत्र आले की फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका खूप वाढतो, पण हा दावा कॅन्सरचा नाही." कोर्टात फिल्म बघायचा बोर्ड नव्हता. त्यांनी एक्स-रे खिडकीच्या काचेला धरला. दोन्ही फुप्फुसांच्या तळाशी जाळीसारख्या बारीक रेषा, डायफ्रामच्या कडेनं चुन्याचा पांढरा पट्टा. "टीबी बहुधा वरच्या भागात धरतो, हे तळाशी आहे," म्हणाले. हे सांगणं गरजेचंच होतं, कारण थुंकी निगेटिव्ह असूनही माणसाला सहा महिने टीबीच्या गोळ्या दिल्या होत्या.

आजार सिद्ध करणं या केसमधलं सोपं काम होतं. अशा केसेस अडतात त्या कागदावर.

पहिला प्रश्न मी नेहमी ईएसआयचा, म्हणजे कामगार राज्य विम्याचा, विचारते. आजाराच्या वेळी माणूस विमाधारक असेल, तर तेव्हाच्या ईएसआय कायद्याचं कलम 53 मालकाविरुद्ध भरपाईचा रस्ता बंद करायचं. मग जायचं ईएसआयच्या वैद्यकीय मंडळाकडे. हे न बघता लावलेले दावे वर्षानुवर्षं चालून फेटाळले गेलेत. याचा पगार 26,000, म्हणजे ईएसआयच्या 21,000 च्या मर्यादेबाहेर. म्हणून 1923 चा भरपाई कायदा, जो तेव्हा लागू होता, आणि त्याच्या तिसऱ्या अनुसूचीचा, म्हणजे कामामुळे होणाऱ्या आजारांच्या यादीचा, क भाग, ज्यात अ‍ॅस्बेस्टॉसिसचं नाव आहे.

मग तारीख. नोकरी सुटल्यानंतर दोन वर्षांच्या आत लक्षणं दिसली, तर लक्षणं पहिल्यांदा आढळली तो दिवस अपघाताचा दिवस धरतात. एचआरसीटीवर (फुप्फुसांच्या बारकाईच्या सीटी स्कॅनवर) अ‍ॅस्बेस्टॉसिस हा शब्द आला डिसेंबर 2021 मध्ये, म्हणजे दोन वर्षं उलटून गेल्यावर. पण घरच्या पत्र्याच्या डब्यात पालिका रुग्णालयाचा नोव्हेंबर 2019 चा केसपेपर सापडला. त्यावर डॉक्टरांच्या अक्षरात: जिना चढताना धाप, कोरडा खोकला, टीबी असावा का. आम्ही ती तारीख धरली.

त्याची किंमतही मोजली. भरपाईसाठी धरायच्या पगाराची मर्यादा 3 जानेवारी 2020 पासून 8,000 वरून 15,000 झाली. दोन महिने आधीची तारीख घेतली म्हणून 8,000 लागले. नंतरची घेतली असती तर रक्कम दीडपटीहून जास्त झाली असती, पण दावा टिकलाच नसता. दावा दाखल झाला जून 2022 मध्ये. कंपनीनं मुदतबाह्य म्हटलं. सर्वोच्च न्यायालयानं कोविडमुळे 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 हे दिवस मुदतीतून वगळले होते, तेव्हा तो मुद्दा तिथेच संपला.

धुळीचा पुरावा? पीएफच्या स्लिपवरून नोकरी कळते, माणूस कारखान्याच्या कुठल्या खात्यात होता ते कळत नाही. आरोग्य तपासणीची नोंद मागितली तर "प्लांट हलवताना गहाळ". सर्वोच्च न्यायालयानं 27 जानेवारी 1995 च्या निकालात अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांची ही नोंद नोकरी लागल्यापासून 40 वर्षं किंवा नोकरी सुटल्यावर 15 वर्षं, यातलं जे उशिरा संपेल तोवर जपायला सांगितलं आहे. नोंद नाही म्हणून अनुमान कंपनीच्या विरुद्ध काढावं, असा अर्ज आम्ही दिला. शिवाय युनियनकडे मास्क वाटपाचं रजिस्टर होतं. त्यात याचं नाव, पुढे खातं 'मिक्सिंग', आणि महिन्याला एक कापडी मास्क! वकीलसाहेबांनी ते पान दोनदा उलटून पाहिलं आणि पुढचा प्रश्न सोडून दिला.

सर्टिफिकेटही एकदा परत करावं लागलं होतं. त्यावर फक्त 'मध्यम अ‍ॅस्बेस्टॉसिस' होतं. कोर्टाला कमाईची क्षमता किती टक्के गेली ते लागतं. फुप्फुसांची ताकद मोजणारी फुंकर-चाचणी बघून डॉक्टरांनी 40 टक्के लिहिलं, आणि उलटतपासात तिथून हलले नाहीत.

आकडेमोड मात्र दोन मिनिटांची. कायद्याच्या सूत्राप्रमाणे 8,000 चे 60 टक्के 4,800. कायद्याच्या तक्त्यात साठ वर्षं वयाचा गुणक 117.41. झाले 5,63,568. त्याचे 40 टक्के 2,25,427 रुपये, वर 12 टक्के व्याज. अपील करायचं तर त्या कायद्यात मालकाला आधी ही रक्कम दावा चालवणाऱ्या आयुक्तांकडे जमा करावी लागायची. कंपनीनं पाचव्या आठवड्यात भरली. अपील आलं नाही.